गुनपेई योकोई : स्वस्त, जुन्या पार्ट्समधून गेम बॉयपर्यंत पोचलेला इंजिनिअर

मोबाईलवर एखादा जुन्या पद्धतीचा गेम उघडा. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हासारखं, चार दिशांचं एक बटण दिसेल. ते कुठं आहे हे बघावंसुद्धा लागत नाही, अंगठा आपोआप तिथं जातो. हे बटण आजच्या रूपात पहिल्यांदा १९८२ साली एका घडीच्या छोट्या गेमवर आलं. ते ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांचं नाव गुनपेई योकोई. गेम बॉयसुद्धा त्यांचाच. पण आज आपण योकोईंची गोष्ट थोड्या वेगळ्या बाजूनं बघणार आहोत. वायर, स्विच, सेल आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या बाजूनं. कारण हा माणूस मुळात मशीन दुरुस्त करणारा होता, आणि शेवटपर्यंत त्याच नजरेनं विचार करत राहिला.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. तिथल्याच डोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये निन्टेन्डो नावाच्या कंपनीत नोकरीला लागले. तेव्हाची निन्टेन्डो म्हणजे पत्त्यांची कंपनी. १८८९ पासून ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवत होती. योकोईंचं काम काय, तर पत्ते छापणाऱ्या मशीन नीट चालतात की नाही ते बघायचं. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि काम मेंटेनन्सचं. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांना हे ओळखीचं वाटेल.

मशीन चालू असेल तेव्हा मेंटेनन्सवाल्याला फारसं काम नसतं. त्या रिकाम्या वेळात योकोईंनी स्वतःच्या गमतीसाठी एक खेळणं बनवलं. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्या, एका टोकाला पकडायची मूठ, दुसऱ्या टोकाला चिमटा. मूठ दाबली की पट्ट्या लांब होतात आणि चिमटा समोरची वस्तू पकडतो. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांची नजर त्याच्यावर पडली. कामाच्या वेळेत खेळतोय म्हणून बोलणी बसतील असं वाटत होतं, पण झालं भलतंच. हेच विकायला काढ, असा हुकूम आला. १९६६ मध्ये अल्ट्रा हँड बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. योकोई दुरुस्तीतून बाहेर आले आणि खेळणी बनवायला लागले.

करंट हातातून जातो

१९६९ चं लव्ह टेस्टर हे त्यांचं पहिलं खरं विजेवरचं खेळणं म्हणता येईल. मुलानं एक धातूचा गोळा एका हातात धरायचा, मुलीनं दुसरा गोळा धरायचा, आणि दोघांनी आपले मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. झालं सर्किट पूर्ण. सेलमधून निघालेला अगदी बारीक करंट एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो आणि मीटरचा काटा हलतो. हाताला घाम असेल तर करंट जास्त, काटा जास्त पुढं. म्हणजे प्रेमाबिमाचा काही संबंध नाही, मोजला जातोय तो त्वचेचा रेझिस्टन्स. पण आवडत्या व्यक्तीचा हात धरल्यावर घाम येतोच ना! मुलींचा हात धरायला निमित्त मिळावं हा खट्याळ हेतू त्यामागं होता, हे योकोईंनी पुढं मोकळेपणानं मान्य केलं.

आतले पार्ट बघितले तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडून असणारा साधा मीटर आणि थोडं सर्किट, एवढंच. योकोईंची पद्धत इथंच दिसते. ज्या तंत्रज्ञानात आता काही नवीन राहिलेलं नाही, जे सगळ्यांना माहीत आहे, जे कारखान्यात पोत्यानं तयार होतं आणि म्हणून स्वस्त आहे, ते उचलायचं. मग ते अशा जागी वापरायचं की जिथं वापरायचं कुणाला सुचलंच नव्हतं. १९७२ ची लेफ्टी आरएक्स ही रिमोटवरची गाडी याचं माझं सर्वात आवडतं उदाहरण. तेव्हा रिमोटच्या गाड्या फार महाग होत्या, कारण डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं अशा प्रत्येक कामाला रेडिओचं वेगळं चॅनल लागायचं. योकोईंनी एकच चॅनल ठेवलं. गाडी सरळ जाते, आणि बटण दाबलं की फक्त डावीकडं वळते. उजवीकडं वळतच नाही! पण गोल ट्रॅकवर शर्यत लावायची असेल तर डावीकडं वळणं पुरेसं असतं. किंमत खाली आली आणि मुलांना शर्यत करता आली.

याच सुमारास शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा निन्टेन्डोत आले. ते शार्पचे सोलर सेल विकायला यायचे. उजेड पडला की वीज तयार करणारा हा छोटा तुकडा बघून योकोईंना बंदूक सुचली. बंदुकीतून गोळीऐवजी उजेडाचा झोत निघेल, समोरच्या निशाण्यात सोलर सेल असेल, झोत बरोबर त्याच्यावर पडला की सर्किट चालू होईल आणि बाटली फुटल्यासारखी उडेल. १९७० मध्ये ही उजेडाची बंदूक बाजारात आली. पुढं हाच प्रकार मोठ्या जागेत करायचं ठरलं. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरली होती आणि बोलिंगच्या लांबलचक जागा रिकाम्या पडल्या होत्या. तिथं १९७३ मध्ये निन्टेन्डोनं नेमबाजीची केंद्रं काढली. सुरुवात जोरात झाली, पण त्याच वर्षाच्या शेवटी तेलाचं संकट आलं. जपानी लोकांनी चैनीवरचा खर्च थांबवला, ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. त्यातून बाहेर पडायला मग छोट्या मशीन काढल्या. १९७४ चं वाइल्ड गनमन हे नाणं टाकून खेळायचं मशीन होतं. आत १६ मिलिमीटर फिल्मचा प्रोजेक्टर, समोर पडद्यावर खराखुरा नट बंदूक काढतोय, आणि तुम्ही त्याच्या आधी चाप ओढायचा. कॉम्प्युटर नाही, चिपवर चालणारं चित्र नाही. मोटर, दिवे, स्विच आणि रिले यांच्यावर चालणारा गेम.

दोन हजार पडून राहिलेली कपाटं

आता येऊ आर्केडकडं. आर्केड कॅबिनेट म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट. वर नावाची उजळ पाटी, मध्ये टीव्हीसारखी स्क्रीन, खाली जॉयस्टिक आणि बटणं, त्याखाली नाणं टाकायची फट. १९८० मध्ये निन्टेन्डोनं अमेरिकेत शाखा उघडली आणि ती यामाउचींचे जावई मिनोरू अराकावा यांच्याकडं दिली. अराकावांनी रडार स्कोप नावाच्या गेमची ३ हजार कॅबिनेट मागवली. माल जहाजानं यायला काही महिने लागले, आणि तोवर लोकांना त्या गेममध्ये रस उरला नव्हता. सुमारे हजार कॅबिनेट कशीबशी खपली. उरलेली २ हजार गोदामात धूळ खात पडली. नव्या शाखेचा पैसा त्यातच अडकला होता. ती विकली गेली नसती तर अमेरिकेतलं दुकान बंद करायची वेळ होती.

अराकावांनी सासऱ्यांना विनंती केली, की याच कपाटांत बसेल असा दुसरा गेम द्या. यामाउचींनी हे काम एका तरुण डिझायनरकडं दिलं, त्याचं नाव शिगेरू मियामोतो, आणि त्याच्यावर देखरेख करायला नेमलं योकोईंना. मियामोतोला तोवर पूर्ण व्हिडिओ गेम बनवायचा अनुभव नव्हता. हार्डवेअरला काय जमतं, काय जमत नाही, हे सांगणारा माणूस शेजारी हवा होता. योकोईंनीही काही कल्पना दिल्या. सी-सॉवरून उडी मारून नायक पलीकडं जाईल, ही त्यातलीच एक, पण ती प्रोग्रॅममध्ये उतरवणं फार अवघड निघालं आणि सोडून द्यावी लागली. उरलं ते शिड्या, तिरके मजले आणि वरून गडगडत येणारी पिंपं. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिन्की या बाहेरच्या कंपनीनं केलं. गेमचं नाव डॉंकी काँग, साल १९८१.

इथं जरा थांबून कपाटाच्या आत डोकावू या, कारण खरी करामत तिथं आहे. मागचं दार उघडलं तर साधारण पाच भाग दिसतात: ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय, गेमचे सर्किट बोर्ड, स्क्रीन, जॉयस्टिक-बटणांचं पॅनल आणि नाण्याचं दार. या सगळ्यांना जोडणारा वायरींचा जुडगा कपाटभर पसरलेला असतो. बघितल्याबरोबर घाबरायला होतं, पण एकेक वायर धरून गेलं की गुंता सुटतो.

वीज आधी येते ट्रान्सफॉर्मरकडं. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० च्या आसपास. निन्टेन्डोची कपाटं आतून पूर्ण जपानी होती, म्हणून अमेरिकेतल्या कपाटात एक जड ट्रान्सफॉर्मर बसवलेला असायचा. तो बाहेरची वीज १०० व्होल्टवर आणायचा. त्याचं दुसरंही एक काम होतं. आतल्या स्क्रीनचं सर्किट भिंतीतल्या विजेपासून वेगळं ठेवायचं, म्हणजे हात लागला तर सरळ मेनचा शॉक बसत नाही. तुमच्या मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, ते बघा. त्यामुळं तो चार्जर मुंबईतही चालतो आणि टोकियोतही. जुन्या ट्रान्सफॉर्मरला ही लवचिकता नव्हती. अमेरिकेहून मावशीनं आणलेला मिक्सर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावल्यावर जो वास येतो, तोच वास असं कॅबिनेट थेट आपल्याकडं लावलं तरी येईल.

तिथून वीज पॉवर सप्लायमध्ये जाते आणि तिचं डीसी होतं. गेमच्या बोर्डाला लागतात मुख्यतः ५ व्होल्ट. म्हणजे मोबाईलच्या साध्या चार्जरमधून जेवढे निघतात तेवढेच! या बोर्डावर झेड-८० नावाचा प्रोसेसर, आणि रॉम चिपमध्ये कायमचा कोरलेला गेम. जुन्या कॅबिनेटमध्ये गेम मध्येच बंद पडतो किंवा चित्र वेडंवाकडं येतं, तेव्हा आधी हे ५ व्होल्ट बोर्डावर पोचतात का ते मोजतात. वर्षानुवर्षं करंट वाहून कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, रेझिस्टन्स वाढतो आणि ५ चे साडेचार होतात. चिप खराब झाली असं वाटतं, आणि दोष असतो दहा रुपयांच्या कनेक्टरचा.

पॅनलचं वायरिंग सर्वात सोपं. जॉयस्टिकच्या खाली चार स्विच असतात, प्रत्येक दिशेला एक. चारही स्विचचं एक टोक एकाच ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं. ती वायर एका स्विचवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळीसारखी फिरते. दुसऱ्या टोकापासून वेगळी वायर बोर्डाकडं जाते. दांडा उजवीकडं ढकलला की उजवीकडची वायर ग्राउंडला चिकटते, बोर्डाला कळतं, आणि पडद्यावरचा माणूस चालायला लागतो. नाण्याचंही तसंच. नाणं घसरत जाताना एका बारीक तारेला धक्का देतं, स्विच क्षणभर दाबला जातो, एक क्रेडिट जमा होतं. म्हणून एकच बटण चालत नसेल तर दोष त्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. एका ठिकाणापासून पुढची सगळीच बटणं मेली असतील, तर ग्राउंडची साखळी तिथं तुटली आहे. मल्टिमीटर बीपवर लावा, एक टोक ग्राउंडला, दुसरं एकेका स्विचला, पाच मिनिटांत तुटलेली जागा सापडते. अर्थात प्लग काढून ठेवूनच.

स्क्रीनचं मात्र प्रकरण वेगळं. ती काचेची पिक्चर ट्यूब. तिच्या आत चित्र उमटवायला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकून राहू शकतो. शिकलेल्या माणसाशिवाय तिथं हात घालू नये, एवढंच सांगतो. निन्टेन्डोच्या त्या काळच्या सान्यो स्क्रीनची आणखी एक खोड होती. नेहमीच्या स्क्रीनला सिग्नलचा व्होल्टेज वाढला की उजेड वाढतो, हिला वाढला की उजेड कमी होतो. म्हणून डॉंकी काँगचा बोर्ड साध्या स्क्रीनला तसाच जोडला तर चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं उलट्या रंगांत येतं. गेमचा आवाज मोठा करणारं सर्किटही याच स्क्रीनच्या बोर्डावर होतं. स्क्रीन बदलली की आवाज गेला! आज ही मशीन दुरुस्त करणारे लोक या दोन गोष्टींपाशी हमखास अडकतात. सगळ्या गेमना एकच कनेक्टर असावा हे जामा नावाचं जपानी स्टँडर्ड १९८५ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली वायरिंग.

आता २ हजार कपाटांचा हिशोब लक्षात येईल. लाकूड, ट्रान्सफॉर्मर, स्क्रीन, नाण्याचं दार हा सगळा महागडा आणि जड भाग जागेवरच होता आणि नवा कोरा होता. बदलायचं होतं गेमचं डोकं आणि बाहेरची चित्रं. क्योतोहून किट आले. सिएटलजवळच्या टुकविला इथल्या गोदामात अराकावा, त्यांच्या पत्नी योको आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं कामाला बसली. एकेक कपाट उघडायचं, जुनं सर्किट काढायचं, नवं बसवायचं, नवी पाटी लावायची. दोन हजार वेळा. याच गोदामाचे मालक मारिओ सेगाले. त्यांच्या नावावरून गेममधल्या उड्या मारणाऱ्या माणसाचं नाव मारिओ पडलं.

पहिली मशीन सिएटलमधल्या दोन बारमध्ये ठेवून बघितली. रोज प्रत्येकी ३० डॉलर जमायला लागले. पाव डॉलरचं एक नाणं धरलं तर दिवसाला १२० खेळ. गोदाम रिकामं झालं आणि पुढं अमेरिकेत ६० हजारांच्या आसपास कॅबिनेट खपली. रडार स्कोपची कपाटं लाल होती, नंतरची निळी. त्यामुळं आज कुणाकडं लाल डॉंकी काँग असेल, तर ते त्या गोदामात पुन्हा वायरिंग झालेल्यांपैकी आहे हे सांगता येतं. यातलं सोल्डरिंग योकोईंनी केलेलं नाही, ते क्योतोत होते. पण पडून असलेलं जुनं हार्डवेअर नव्या कामाला लावायचं, ही सोळा वर्षं त्यांनीच कंपनीत रुजवलेली सवय होती.

दांडा गेला, अंगठा आला

खिशातल्या गेमची सुरुवात त्याच्या थोडी आधीची. शिन्कान्सेन गाडीत योकोईंना एक कंटाळलेला ऑफिसवाला दिसला. तो वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. वेळ बघता येईल आणि चोरून खेळताही येईल असं काहीतरी छोटं बनवलं तर? एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आला नाही, म्हणून त्यांची मोठी परदेशी गाडी चालवायला योकोईंना बसवलं. गाडी चालवता चालवता त्यांनी ही कल्पना सहज सांगितली. साहेबांनी मान हलवली, पण फार काही बोलले नाहीत. त्या बैठकीत साहेबांच्या शेजारी शार्पचे प्रमुख बसले होते. काही दिवसांत शार्पची माणसं निन्टेन्डोच्या दारात हजर!

शार्प आणि कॅसिओ यांच्यातल्या कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेमुळं एलसीडी आणि चिपा तेव्हा अगदी स्वस्त झाल्या होत्या. योकोईंना हवं होतं तेच. कॅल्क्युलेटरवर आठचा आकडा सात काड्यांचा बनतो, कुठल्या काड्या काळ्या करायच्या एवढंच चिप ठरवते. योकोईंच्या गेम अँड वॉचमध्ये काड्यांच्या जागी माणसाचे, चेंडूचे आकार आधीच काढून ठेवलेले असायचे. ते एकामागून एक काळे केले की चेंडू उडाल्यासारखा वाटतो. घड्याळात घालतो तो बटण सेल त्याला पुरायचा. १९८० मध्ये बॉल नावाचा पहिला गेम आला. पुढच्या अकरा वर्षांत ही मालिका ४ कोटींहून जास्त विकली गेली.

१९८२ मध्ये डॉंकी काँग या मालिकेत आणायचं ठरलं आणि अडचण आली. त्या गेमला चार दिशा हव्यात, आणि पुस्तकासारख्या मिटणाऱ्या डबीत आर्केडचा दांडा कसा मावणार? बाहेर आलेला दांडा खिशात पहिल्याच दिवशी तुटला असता. योकोईंनी दांडा काढून टाकला आणि स्विच तेवढे ठेवले. अधिकच्या आकाराची एक चपटी पट्टी, मध्यभागी टेकू, खाली रबर. पट्टी एका बाजूला दाबली की त्या बाजूचा रबराखालचा वीज वाहून नेणारा ठिपका सर्किटवर टेकतो. टेकू मध्ये असल्यामुळं डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जात नाही. विजेच्या भाषेत बघितलं तर मघाच्या जॉयस्टिकपेक्षा यात काहीही वेगळं नाही, तेच चार स्विच. पुढच्या वर्षी हे बटण फॅमिकॉमवर आलं. आपल्याकडं नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट फुंकून घालायचे गेम मिळायचे ना, ते बहुतेक फॅमिकॉमचेच नकली भाऊ. त्यांच्या रिमोटवरही हेच अधिकचं चिन्ह होतं.

हिरवट स्क्रीनचा हट्ट

गेम बॉय १९८९ च्या २१ एप्रिलला आला. त्याच्या आधीची काही महिने योकोईंसाठी फार वाईट होते. त्यांनी निवडलेली स्क्रीन समोरून छान दिसायची, पण जरा तिरकं धरलं की चित्र गायब. यामाउचींनी हातात घेऊन बघितलं आणि काहीच दिसत नाही म्हणून काम थांबवायची भाषा केली. शार्पनं तोवर यासाठी मोठा खर्च केला होता. योकोईंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी शार्पनंच तिरकं धरलं तरी दिसणारी दुसऱ्या प्रकारची एलसीडी दिली आणि मशीन वाचलं.

रंगीत स्क्रीन तेव्हा शक्य होती. योकोईंनी ती घेतली नाही. रंगाला मागून उजेड लागतो, उजेडाला वीज लागते, आणि वीज म्हणजे मुलांच्या खिशातले पैसे. गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, हिरवट, चार छटांची, आणि उजेड नाहीच. खिडकीपाशी बसून खेळायचं. प्रोसेसर डॉंकी काँगमधल्या झेड-८० चाच नातलग. पण चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तासांच्या आसपास चालायचा. सेगाचं रंगीत गेम गिअर सहा सेल घ्यायचं आणि चारेक तासांत मान टाकायचं. बाजारात कोण टिकलं हे सगळ्यांना माहीत आहे. नंतरच्या रंगीत गेम बॉयसकट ही मशीन ११ कोटी ८० लाखांच्या वर विकली गेली. फोन घेताना आधी किती एमएएच विचारणाऱ्या आपल्या पिढीला योकोईंचा हिशोब लगेच पटेल.

मग त्यांचा हिशोब चुकला. १९९५ चं व्हर्च्युअल बॉय. डोळ्यांना लावून बघायचं, खोली असलेलं थ्रीडी चित्र. कल्पना आजच्या व्हीआरसारखीच. योकोईंनी इथंही स्वस्त वाट काढली. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची फक्त एक उभी रांग, आणि तिच्यासमोर वेगानं हलणारा आरसा. आरसा ती रांग डोळ्यासमोरून झपकन फिरवतो आणि पूर्ण चित्र दिसतं. लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खायचे, म्हणून सगळं चित्र लाल आणि काळं. सर्किट म्हणून हे फार देखणं काम आहे, मी आजही त्याचे फोटो बघत बसतो. पण वापरायला? डोक्यावर घालता येत नाही, टेबलावर स्टँड ठेवून मान खाली घालून बघायचं, थोड्या वेळात डोळे आणि मान दुखायची. शिवाय शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नाही. आठ लाख नगही खपले नाहीत आणि वर्षभरात उत्पादन बंद झालं. माझ्या मते इथं जुनं तंत्रज्ञान वापरण्यात चूक नव्हती. लेफ्टी आरएक्समध्ये जे कापलं त्याची खेळणाऱ्याला गरजच नव्हती. इथं कापला गेला तो त्याचा आराम.

१९९६ मध्ये योकोईंनी आणखी लहान, कमी सेल लागणारा गेम बॉय पॉकेट पूर्ण केला आणि ऑगस्टमध्ये एकतीस वर्षांची नोकरी सोडली. व्हर्च्युअल बॉय पडलं म्हणून गेले, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. स्वतःचं काहीतरी करायचं आधीपासूनच मनात होतं, असं त्यांनी नंतर लिहून स्पष्ट केलं. क्योतोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी एका नव्या खिशातल्या गेम मशीनवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू एक्सप्रेसवेवर त्यांची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. किती नुकसान झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं. वय ५६.

बंदाईचं मशीन त्यांच्यामागं पूर्ण झालं. मार्च १९९९ मध्ये वंडरस्वान या नावानं ते जपानमध्ये आलं. स्क्रीन पुन्हा रंगाशिवायची. आत एकच पेन्सिल सेल, आणि त्यावर ३० तासांच्या आसपास खेळ. ते आडवं धरता यायचं आणि मोबाईलसारखं उभंही. त्याच्यासोबत आलेला एक कोड्याचा गेम उभं धरूनच खेळायचा होता, तुटक रेषा जोडून डावीकडून उजवीकडं एक अखंड रेघ पोचवायची. वायरिंगच म्हणा ना! त्या गेमचं नाव गुनपेई.